वेगवेगळ्या वंशाच्या लोकांची हसण्याची पद्धत खरंच वेगळी असते का?

असते, पण वंशामुळे नाही. माणूस कुठे वाढला, यावर ते ठरतं. घरचंच उदाहरण देतो.

माझ्या मावसबहिणीची मुलगी न्यू जर्सीत जन्मली, तिथेच वाढली. मध्यंतरी साताऱ्याला एका लग्नाला आली होती. नाक, हनुवटी, पुढचे किंचित मोठे दोन दात, सगळं आजीवर, म्हणजे माझ्या मावशीवर गेलेलं. त्यात नऊवारी, नथ, गजरा. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण हसली की कळायचं. नजरानजर झाली रे झाली की वरचे सगळे दात दिसतील असं लख्ख हसू, आणि बटण दाबल्यासारखं लगेच बंद. वाढप्याला तेच, मांडववाल्याला तेच, भटजींनाही तेच. शेवटी आईनं मला हळूच विचारलं, "ही ओळखते का रे या सगळ्यांना?"

मार्श, एल्फेनबाइन आणि नलिनी अंबाडी या तीन संशोधकांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. जपानमधले जपानी आणि अमेरिकेतले जपानी वंशाचे लोक, यांचे फोटो दाखवून कोण कुठला ते ओळखायला सांगितलं. चेहरा निर्विकार असला तर ओळखणं जड जायचं. चेहऱ्यावर भाव असला की लोक जास्त बरोबर ओळखत. वंश एकच, तरीही. कोल्हापूरचा माणूस नुसतं 'काय' म्हणाला तरी कळतो ना, तसा चेहऱ्यालाही हेल असतो.

यंत्रणा मात्र सगळ्यांची एकच. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये लिहून ठेवलंय की ओठांचे कोपरे हवे तेव्हा वर ओढता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा मनापासून आनंद झाला तरच आवळतो. पुढे १९६० च्या दशकात पॉल एकमन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेला. 'मित्र आलेत, हा खूश आहे' असं सांगून यातला चेहरा कोणता, असं विचारलं तर बहुतेकांनी हसऱ्या फोटोवरच बोट ठेवलं.

गोंधळ होतो तो कधी, कुणाकडे बघून आणि कशासाठी हसायचं यात. मी दोन वर्षं जपानमध्ये, नागोयात नोकरी केली. पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्यापुढे कामाचं वेळापत्रक ठेवलं. तो हसला, दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाला, "चोत्तो मुझुकाशिई," म्हणजे जरा अवघड आहे. मी हसू बघितलं आणि 'होईल' असं समजून कामाला लागलो. ते सरळसरळ 'नाही' होतं, हे कळायला तीन आठवडे गेले. मी तोंडाकडे बघत होतो, तिथले लोक डोळ्यांकडे बघतात. मोबाइलवरच्या जुन्या खुणा आठवा: अमेरिकन माणूस कंस टाकून तोंड हसवायचा :) आणि जपानी माणूस दोन टोकदार टोप्या काढून डोळे ^_^.

रशियात तर 'कारणाशिवाय हसणं हे मूर्खाचं लक्षण' अशी म्हणच आहे. पण त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये ४४ ठिकाणच्या लोकांना हसरे आणि न हसणारे चेहरे दाखवले, तेव्हा हसऱ्याला कमी हुशार ठरवणाऱ्यांत रशिया, जपान यांच्या जोडीला भारतही निघाला. मला अजिबात नवल वाटलं नाही. "दात काय काढतोस?" हे मी शाळेत जितक्यांदा ऐकलंय तितकं 'शाबास' ऐकलेलं नाही. जर्मनी आणि चीनमध्ये मात्र हसराच हुशार ठरला. गोरे-काळे, पूर्व-पश्चिम असली कुठलीच वाटणी इथे नीट बसत नाही.

आणि हेल बदलतोही. मावशी आता वर्षातले सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीत असते. तिथे सकाळी फिरायला गेलं की येणारा-जाणारा हसतो, मग हीही हसते. गेल्या दिवाळीला साताऱ्यात आली आणि सवयीनं समोरून येणाऱ्या एका आजोबांकडे बघून तशीच छान हसली. ते चार पावलं पुढे गेले, थांबले, मागे वळून आले आणि टोपी सारखी करत म्हणाले, "ओळखलं नाही हो. आपण कुणाच्या?"