टाइप २ डायबिटीस: ट्रेनर लावावा की एकट्याने चालावं?

तुम्ही विचारलंय की वडील रोज नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालतात तेवढं पुरे की ट्रेनर लावू, तर माझ्या मते पहिले दोन-तीन महिने शिकवणारं कुणीतरी हवंच. २०११ मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं त्यात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, टक्क्यांत मोजतात) तसा व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.६७ अंकांनी जास्त उतरलं, नुसतं व्यायाम करा सांगून, आहाराचा सल्ला न देता, काही फरक पडला नाही. माझी आई कृषीनगरच्या ट्रॅकवर गप्पा मारत चालायची, घामाचा थेंब नाही, फिजिओने खुर्चीवरून उठबस आणि रबर बँड शिकवला तेव्हा कुठे पायात जोर आला. आता घरीच करते. आठवड्याला १५० मिनिटं तरी करा, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. इन्सुलिन चालू असेल तर व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवाच, आणि आधी डॉक्टरांना विचारून घ्या.