होडी बघायला जाताना स्क्रूड्रायव्हर न्या

प्रश्न : खडकवासल्यात दोन मोसम डिंगी (छोटी शिडाची होडी) चालवली. आता मांडव्याकडे समुद्रात उतरायचंय. जुनी जे/२४ (२४ फुटी शिडाची कीलबोट) बघतोय. घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : घ्या, पण ठोकून बघून. डिंगी कलंडते, आपण भिजतो, सरळ करतो. कीलबोटीच्या पोटाखालचं वजन, म्हणजे कील (जे/२४ ला ४०० किलोंहून जास्त), तिला सहसा कलंडू देत नाही. पण ही कील वर घेता येत नाही, सव्वा मीटर पाणी लागतंच. ओहोटीला खाडीत रुतून मी पाच तास बसलोय, एक पुडी शेंगदाण्यांवर.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक ठोकत चला. टणटणीत आवाज आला तर ठीक. भद्द वाजलं की फायबरच्या थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलंय समजा. डोलकाठीभोवती आणि कठड्याच्या खांबांपाशी हमखास. मी पहिल्या होडीचा नुसता रंग पाहून भाळलो होतो. आत कीलच्या बोल्टांना गंज आहे का तेही बघा.

जून ते सप्टेंबर होडी पाण्याबाहेर, ताडपत्रीखाली. त्या जागेचं भाडं आधीच हिशेबात धरा. सोसायटीच्या पार्किंगचा विषय मात्र सभेत काढूच नका.