एका शब्दात सांगता येत नाही

ऑगस्टचा पहिला आठवडा होता. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत निफाड तालुक्यातले एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बसल्या बसल्या त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. बी.ए.च्या पहिल्या सत्राचं वेळापत्रक. त्यातल्या चार विषयांभोवती लाल पेनने गोल केले होते : भारतीय ज्ञानप्रणाली, पर्यावरण, इंग्रजी संवादकौशल्य आणि संख्याशास्त्राची ओळख.

"मॅडम, हिने बारावी सायन्सने केली. नीटला मार्क आले नाहीत, मी एक शब्द बोललो नाही. इकॉनॉमिक्स घ्यायचं म्हणाली, घेऊ दिलं. पण हे बघा ना. इकॉनॉमिक्सचे तास बोटावर मोजण्याइतके, बाकी हे सगळं. एक ना धड, भाराभर चिंध्या. अजून वेळ गेलेली नाही, डी.फार्मसीला टाकतो."

मुलगी बराच वेळ गप्प होती. तिला काय वाटतं ते विचारल्यावर म्हणाली, "माझी मैत्रीण सांगते मी फार्मसिस्ट होणार. दुसरी सांगते नर्स. मला बसमध्ये कुणी विचारलं काय शिकतेस, तर एका शब्दात सांगताच येत नाही. मग वाटतं, पप्पांचंच बरोबर असेल."

कला शाखेची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पगाराची चिंता बोलून दाखवतात, पण तिच्या खाली बहुतेक वेळा हीच अडचण असते. शिक्षणाच्या शेवटी एक नाव मिळावं, ते नाव घरच्यांना चारचौघांत सांगता यावं. बी.ए. असं नाव देत नाही. नाव नाही म्हणजे आत काही रचनाच नाही, असा समज होतो आणि मग वेळापत्रक चिंध्यांसारखं दिसायला लागतं.

मी वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि वडिलांना विचारलं, "भाऊ, मागच्या दोन-तीन वर्षांत कांद्याने तुम्हाला का रडवलं?"

ते पंधरा मिनिटं बोलले. मुलीला म्हटलं, पप्पा सांगतील ते एकेका ओळीत लिहीत जा. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात बंदीच आली, लासलगावला भाव बसला. बंदी उठली ती थेट मे 2024 मध्ये, तीही शुल्क ठेवूनच. बांगलादेशात जाणारा माल अडकला. शहरात भाव वाढले की सरकारला निवडणूक दिसते, आमचे पडले तर दिसत नाही. काढणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर उक्त्याने एकराचा दर त्या सांगतील तो. लाल कांदा अवकाळीत सापडला. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवला, भाव येईल म्हणून थांबलो, तर निम्मा हुरूप चाळीतच सडला.

कागदावर अकरा ओळी झाल्या. मग मुलीला म्हटलं, प्रत्येक ओळीसमोर लिही, हे समजून घ्यायला तुझ्या वेळापत्रकातलं काय लागेल. शुल्क आणि बंदीसमोर तिने अर्थशास्त्र लिहिलं. निवडणुकीसमोर राज्यशास्त्र. अवकाळीसमोर थोडं थांबून पर्यावरण. चाळीच्या ओळीवर मात्र ती अडली. वडिलांकडे वळून म्हणाली, "पप्पा, सडतो म्हणजे नक्की किती?"

"पाचातला एक जातो. कधी तिसरा हिस्सा."

"पण नक्की किती?"

"वहीत आहे ना. किती ट्रॉल्या भरल्या, किती निघाल्या, सगळं लिहितो मी."

तिने त्या ओळीसमोर संख्याशास्त्र लिहिलं. वडिलांनी ज्याला लाल गोल केला होता, तोच हा विषय. ते त्या गोलाकडे बघत राहिले, बोलले काही नाहीत. बायांच्या मजुरीची ओळ कोरीच राहिली, तिथे लिहायला तिच्याकडे विषय नव्हता.

इथे मी त्यांना रचना समजावून सांगितली, कारण ती कुणी सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी हातात फक्त क्रेडिटचा, म्हणजे कोणत्या विषयाला किती भार याचा, तक्ता पडतो. कला शाखेतला 'कला' हा शब्द युरोपातल्या जुन्या विद्यापीठांमधून आला आहे. तिथे मोकळ्या माणसाला शोभतील अशा सात विद्या मानत : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. सातातल्या शेवटच्या चार आकड्यांच्या मानत. गणित नको म्हणून आर्ट्स घ्यायचं, ही आपली रीत त्या विद्येच्या मुळाशीच विसंगत आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वडिलांची तक्रारही नवी नाही. अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1869 नंतरच्या चाळीस वर्षांत विषय निवडण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली. मुलं इकडचं थोडं, तिकडचं थोडं घेऊ लागली, कशातच खोल जाईनात. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी नियम घातला : एका विषयात खोल जायचं आणि बाकीचे विषय वेगवेगळ्या गटांतून घ्यायचे. आपल्याकडच्या आजच्या मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय) यांच्या मांडणीत हाच विचार दिसतो. महाराष्ट्रात 2023 च्या शासन निर्णयाने ती आली. तीन वर्षांना 132 क्रेडिट, चार वर्षांना 176. ओपन इलेक्टिव्ह तर स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणून अर्थशास्त्राच्या मुलीच्या वेळापत्रकात संख्याशास्त्र येऊन बसलं. मेजर विषयाचे तास सुरुवातीला कमी असतात आणि पुढच्या वर्षांत वाढत जातात. पहिल्या सत्राचा एकच कागद पाहून हिशेब केला तर तो चुकणारच.

वडिलांना सगळ्यात जास्त पटलं ते बाबासाहेबांचं उदाहरण. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा आपल्या जिल्ह्यातली, त्यामुळे त्यांच्याबद्दल वेगळं सांगावं लागलं नाही. पण कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी असताना इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांच्या वर्गांनाही बसत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भारतातल्या जातींवरचा त्यांचा 1916 चा निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला आहे. आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ पुढे 1923 मध्ये आला, तो निखळ अर्थशास्त्राचा. जातीचा प्रश्न एका विषयात मावणारा नव्हता, म्हणून ते त्याच्यामागे दुसऱ्या वर्गात गेले.

"हे पटतं मॅडम," वडील म्हणाले, "पण कॉलेजात असं शिकवतात का?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मी लपवलं नाही. अनेक ठिकाणी ओपन इलेक्टिव्ह म्हणून ज्या प्राध्यापकांचा तास रिकामा असेल त्यांचाच विषय पुढे केला जातो. दोन क्रेडिटचा विषय नोट्सवर उरकला जातो. पाच विषय एकमेकांना जोडून दाखवणारा शिक्षक मिळाला नाही, तर ते खरोखर चिंध्याच राहतात. कागदावरच्या चांगल्या रचनेचं असं होतं तेव्हा मला संताप येतो, कारण त्याची किंमत शिक्षणात घरातून पहिल्यांदाच इतक्या पुढे आलेली मुलं मोजतात. शहरातल्या सुशिक्षित घरात ती जोडणी जेवणाच्या टेबलावर होऊन जाते. इतरांना ती स्वतः करावी लागते.

ती करायची कशी, एवढंच मग आम्ही ठरवलं. आपल्याला खरोखर सतावणारा एक प्रश्न धरायचा आणि निवडीची वेळ येईल तेव्हा विषय त्या प्रश्नाला विचारून घ्यायचा. मजुरीची ओळ कोरी होती, म्हणून मायनर निवडताना समाजशास्त्राचा विचार. ओपन इलेक्टिव्हमध्ये आकडे आणि संगणक सोडायचे नाहीत. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची क्रेडिट असतात, ती ओळखीच्या दुकानातून सहीशिक्का आणून भागवायची नाहीत. बाजार समितीत, बँकेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत खरं काम मागायचं. नोकरीचा शब्द मात्र मी दिला नाही. बी.ए. एकटी नोकरी लावत नाही, तिच्या जोडीला तीन वर्षांत हाताला काहीतरी यावं लागतं. डी.फार्मसीही वाईट नाही. पण "तुला औषधांत रस आहे का?" या प्रश्नाला मुलीने लगेच मान हलवून नाही म्हटलं आणि ते वडिलांनी पाहिलं. चौथं वर्ष करायचं की नाही, ते तिसऱ्या वर्षी बघू म्हणून सोडून दिलं.

दिवाळीनंतर दोघं परत आली. बसमध्ये विचारल्यावर काय सांगायचं, ते अजून तिला जमलेलं नव्हतं. या वेळी टेबलावर वेळापत्रक नव्हतं, वडिलांची वही होती. पुठ्ठा निघालेली, आठ वर्षांची. संख्याशास्त्राच्या तासाला सरासरी शिकवली, त्या रात्री तिने ती मागून घेतली होती. चाळीत भरलेला आणि निघालेला कांदा तिने वर्षवार मांडला होता. वडील जो "पाचातला एक" म्हणत, तो फक्त बऱ्या वर्षांचा आकडा निघाला.

"वाईट साल मी विसरून जात होतो," ते म्हणाले.

2019 चं पान मात्र पावसात भिजून चिकटलं होतं, काहीच वाचता येत नव्हतं. त्या वर्षी सप्टेंबरअखेर निर्यातबंदी आली होती, म्हणून नेमकं तेच साल तिला हवं होतं. ती आता वस्तीवरच्या घरोघरी जाऊन त्या सालच्या कांदाविक्रीच्या हिशेबपट्ट्या गोळा करते आहे. अकरा मिळाल्या आहेत. दोन घरांनी, आधी कशाला पाहिजेत ते सांग, म्हणून बसवून घेतलं, आणि तिथे तिला अर्धा तास बोलावं लागलं.