‘माझ्यात प्रेमच नाही का, मॅडम?’

जानेवारीतली संध्याकाळ होती. ती माझ्याकडे समुपदेशनाला आली, बसली, आणि पहिल्या दहा मिनिटांत तिच्या वडिलांचे दोन फोन येऊन गेले. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे. माल काढणीला आलेला आणि नेमकं आभाळ भरून आलेलं. दुसरा फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “बागेवर गारा पडतील या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. पण दोन वर्षं ज्याच्याबरोबर होते तो मला सोडून गेला, त्या रात्री मला शांत झोप लागली. माझ्यात प्रेमच नाही का, मॅडम?”

ती तेव्हा २९ वर्षांची होती. नाशिकमध्ये नोकरी, इंदिरानगरला मैत्रिणीबरोबर भाड्याची खोली, घरी स्थळं बघणं जोरात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. लिहायचं कारण असं, की हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येत राहतो. कुणी म्हणतो, “बारा मुली बघितल्या, सगळ्या चांगल्या होत्या, पण मला कुणाबद्दल काही वाटतच नाही.” लग्नाला वर्ष झालेली एखादी म्हणते, “नवरा जीव टाकतो माझ्यावर, आणि मी नाटक करते.” प्रत्येकाच्या मनात भीती तीच असते, आपण आतून कोरडे आहोत ही.

तिची गोष्ट सांगते. कॉलेजात असताना मैत्रिणी संध्याकाळी कॉलेज रोडला चकरा मारायच्या, कुणीतरी दिसावं म्हणून. ही बरोबर जायची, पण तिचं लक्ष सँडविचकडे असायचं. “तुला कोण आवडतो?” असं विचारलं की वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाचं नाव सांगून मोकळी व्हायची, कारण काहीतरी सांगणं भाग होतं. तिला वाटायचं, सगळ्याजणी तिच्यासारखंच एक नाव निवडतात आणि मग लाजायचा अभिनय करतात. लाज खरी असते, छातीत खरंच धडधडतं, हे तिला तेविसाव्या वर्षी कळलं.

सव्विसाव्या वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याशी तिची जवळीक झाली. त्याचा सहवास तिला आवडायचा, स्पर्श आवडायचा, शरीराची ओढही होती. हे सांगताना तिने मान खाली घातली, कारण मुलीने ओढ आहे म्हणायचं आणि प्रेम नाही म्हणायचं, याला आपल्याकडे काय नाव ठेवतात ते तिला माहीत होतं. तो ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ म्हणायचा, तेव्हा तीही तेच म्हणायची. तिला करमत होतं. दोन वर्षांनी त्याच्या ते लक्षात आलं. जाताना तो म्हणाला, “तू माझा वापर केलास.” तेच वाक्य घेऊन ती माझ्याकडे आली होती.

आता माझी चूक. पहिल्या चार भेटी मी कारण शोधण्यात घालवल्या. लहानपणी हॉस्टेलला ठेवलेलं, वडील कडक, ज्या आजीचा लळा होता ती लवकर गेलेली. माझ्या डोक्यात धागा जुळला. लहानपणी तुटल्यामुळे ही जवळीक टाळते. मी तिला तसं सुचवतही होते, आणि ती गुणी विद्यार्थिनीसारखी मान डोलवत होती. पाचव्या भेटीत मात्र ती थांबली आणि म्हणाली, “मॅडम, मी पळत नाहीये. पळायला आधी कुणीतरी ओढायला लागतं ना?”

मी पेन खाली ठेवलं. चार भेटी तिने मला समजून घेतलं होतं, मी तिला नाही.

जवळीक टाळणाऱ्या माणसाला ओढ वाटते, आणि वाटते म्हणूनच तो घाबरतो. समोरचा जवळ आला की अस्वस्थ होतो, दूर गेला की तळमळतो. हिच्यात ती तळमळ कधी नव्हती. नैराश्य आहे का तेही मी नीट पाहिलं. नैराश्यात सगळीच चव जाते, जेवणाची, मैत्रीची, गाण्याची, आणि पूर्वी होतं ते हरवल्याचं जाणवतं. हिची झोप, भूक, कामातला उत्साह सगळं जागेवर होतं, आणि हरवायला मुळात ते कधी नव्हतंच. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही भावना बोथट होतात, पण ती कोणत्याच गोळ्या घेत नव्हती. मुलींविषयी काही वाटतं का, हेही विचारलं. म्हणाली, “ते मीच स्वतःला आधी विचारलं होतं. उत्तर ‘हो’ आलं असतं तर सोपं गेलं असतं.” कुणी जबरदस्ती केली होती का, हेही पाहिलं. हे सगळं तपासल्याशिवाय कुणाला नाव चिकटवू नये, आणि तपासून झाल्यावर उगाच खोदतही बसू नये.

जिला रोमँटिक ओढ जवळजवळ वाटत नाही किंवा अजिबातच वाटत नाही, अशा व्यक्तीला एरोमँटिक म्हणतात. रोमँटिक ओढ आणि लैंगिक ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांच्या बाबतीत त्या हातात हात घालून येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. कुणाला लैंगिक ओढ नसते पण प्रेमात पडता येतं. कुणाला दोन्ही नसतात. आणि कुणाला, माझ्यासमोर बसलेल्या मुलीसारखं, शरीराची ओढ असते, प्रेमात पडणं नसतं. या शेवटच्यांची फार ओढाताण होते, कारण त्यांना लगेच ‘चारित्र्य’ या शब्दाने मोजलं जातं.

हे आजकालचं फॅड आहे असं कुणी म्हणालं की मला १९७९ साल आठवतं. प्रेमात वेडं होण्याच्या अवस्थेला ‘लिमरन्स’ हा शब्द देणाऱ्या डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचं त्यावरचं पुस्तक त्या साली आलं. शेकडो लोकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की काहींना ही अवस्था आयुष्यात कधीच अनुभवाला येत नाही. ती माणसं संसार करत होती, माणसं जोडत होती. हा आजारही नाही. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्टच सांगतो की समाजात रूढ असलेल्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. तिला मी हे वाचून दाखवलं. तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

पण तिचा मूळ प्रश्न ‘माझ्यात प्रेम नाही का’ असा होता, आणि त्याचं उत्तर कायद्यात नव्हतं. ते मला आपल्या भाषेतच सापडलं. ‘प्रेम’ हा शब्द आपण आईपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे वापरतो. मग ‘मी प्रेमात पडत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला स्वतःच्याच कानांनी ‘माझ्यात प्रेम नाही’ असं ऐकू येतं. मी तिला एक कागद दिला आणि म्हटलं, प्रेम हा शब्द न वापरता माणसांची नावं लिही. माया, लळा, जिव्हाळा, आपुलकी, ओढ, काळजी, यातला जो शब्द ज्याला लागू पडेल तो त्याच्यापुढे.

पुढच्या आठवड्यात कागद दोन्ही बाजूंनी भरून आला. भाचीपुढे लळा. खोलीतल्या मैत्रिणीपुढे जिव्हाळा, आणि पुढे कंसात ‘तिला डेंग्यू झाला तेव्हा सहा रात्री’. वडिलांपुढे आधी काहीच नाही, मग खोडून काळजी, मग तेही खोडून माया. ऑक्टोबर छाटणीला ती दरवर्षी रजा टाकून घरी जाते, मजुरांचा स्वयंपाक आईबरोबर करते, हे तिने मला तोवर सांगितलंच नव्हतं. त्या सहकाऱ्याच्या नावापुढे तिने लिहिलं होतं : ओढ, आपुलकी. आणि खाली, ‘विरह नाही’.

कागद बघत ती बराच वेळ रडली. मी काही बोलले नाही.

मग आम्ही ‘वापर’ या शब्दाकडे आलो. तिला अपेक्षा होती की मी म्हणेन, तुझी काही चूक नाही. मी तसं म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं. प्रेमात न पडणं ही चूक नाहीच. शरीराची जवळीक हवीशी वाटणं ही तर अजिबात नाही. पण ‘मलाही करमत नाही’ हे खोटं होतं, आणि त्या खोट्यावर त्या मुलाने दोन वर्षं काढली. तो दुखावला गेला ते खरं आहे. तू खोटं बोललीस ते त्याला लुबाडायला नाही, आपण माणसांसारखी माणूस आहोत हे दाखवायला, तेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरता येतात. तिने त्याला एक लांब मेसेज लिहिला, आमच्या दोन भेटी त्या मेसेजवरच गेल्या. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. तिने ते स्वीकारलं.

पुढे कुणाशी जवळीक झालीच, तर काय सांगायचं हे तिने तिच्याच शब्दांत बसवलं : “मला तू आवडतोस. तुझ्याजवळ असणं आवडतं. पण मी प्रेमात पडत नाही, तुझ्याच नाही, कुणाच्याच. हे चालणार असेल तरच पुढे जाऊ.” हे आधी सांगायचं, तिसऱ्या महिन्यात नाही. समोरचा म्हणाला, “होईल हळूहळू,” तर ते होकारात धरायचं नाही. त्याने ऐकलेलंच नसतं.

स्थळांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड होती. तिची आई एकदा माझ्याकडे आली. हातात द्राक्षांची पेटी, डोक्यावर पदर. “मॅडम, आमच्या टायमाला कुठं होतं हे? मांडवातच यांचं तोंड बघितलं. संसार झाला ना? मग हिचं काय अडतंय?” मला तो मुद्दा खोडता आला नाही. जुन्या पद्धतीच्या लग्नात एरोमँटिक बाई किंवा पुरुष खपून जात असणार, कित्येक गेलेही असतील. पण आता ठरवून केलेल्या लग्नातही साखरपुड्यापासून लग्नापर्यंत रोज रात्री फोन असतो, प्री-वेडिंग शूट असतं, मुलगा ‘तुला माझी आठवण येते ना’ विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. काकूंना मी एवढंच म्हटलं, “तुमच्याकडून कुणी नाटकाची अपेक्षा केली नव्हती. हिच्याकडून रोज करतील.”

काकू बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. “ह्यांनी मला कधी विचारलं नाही आठवण येते का,” एवढंच त्या म्हणाल्या.

मुलीने दोन स्थळांना साखरपुड्याच्या बोलणीआधी स्पष्ट सांगितलं. पहिला म्हणाला, लग्नानंतर सगळं होतं. तिने नकार दिला. दुसरा त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात कॉफी थंड होईपर्यंत गप्प बसला आणि म्हणाला, “मला ते लागेल. सांगितलंस, बरं केलंस.” त्या नकाराने ती हलकी होऊन आली होती. तिने लग्न करूच नये असं माझं मत नाही. मैत्री, विश्वास आणि एकमेकांची जबाबदारी यावर उभं राहायला तयार असलेलं माणूस भेटलं तर तिने जरूर करावं. पण घरच्यांची सुटका व्हावी म्हणून करू नये.

एरोमँटिक हा शब्द घरी सांगायचा की नाही, यावर आमचे मतभेद झाले. मला वाटत होतं सांगावा. ती म्हणाली, “आईला तो शब्द आजारासारखा ऐकू येईल. तिला मी सांगितलंय की मी अशीच आहे, आणि मी सुखी आहे.” तिचंच बरोबर होतं.

काकूंचा खरा प्रश्न मात्र शेवटी फोनवर आला. “उद्या आम्ही नसताना हिच्या दुखण्याखुपण्यात कोण बघंल?” या प्रश्नाला मी ‘होईल काहीतरी’ म्हणून बगल देत नाही. लग्न झालेल्यांनाही तो लागू आहे, पण एकट्या माणसाला त्याची तयारी कागदावर करावी लागते. तिने आणि मैत्रिणीने पाथर्डी फाट्याजवळ दोघींच्या नावावर फ्लॅट घेतला तेव्हा मी दोघींना वकिलाकडे पाठवलं. आपल्या हिश्शासाठी सोसायटीत नॉमिनी नेमला की काम झालं असं लोक समजतात. नॉमिनी हा मालक नसतो, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. दोघींनी ते केलं. आरोग्य विमा घेतला, दवाखान्यात कुणाला बोलवायचं ते पाकिटात लिहून ठेवलं. मैत्रीण उद्या लग्न करून गेली तर काय, यावरही त्या बोलल्या. रडल्या, आणि त्याचंही एक कलम कागदात घातलं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, पुढच्या भेटीची वेळ बदलायला. छाटणी सुरू होत होती. मागून काकूंचा आवाज येत होता, “मॅडमला सांग, औंदा माल बरा आला तर पेटी पाठवते.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “दोन पाठवते. एक आमच्याकडून, एक हिच्या मैत्रिणीकडून.”