जुन्या मशीनमागे घालवलेला वेळ वाया जातो का?

प्रश्न : मी सीएनसी मशीनिंगच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्कशॉपमधल्या जुन्या मिलिंग मशीनचा फोर्थ अ‍ॅक्सिस, म्हणजे जॉब (मशीनवर बांधलेला तुकडा) फिरवणारं रोटरी टेबल, त्रास देतो. मशीन चालू करून होमिंग केलं (टेबलाची शून्याची जागा शोधली) की कधी जॉब बरोबर येतो, कधी 4 अंशांनी फिरलेला येतो. अलार्म नसतो. रोटरी टेबल 90:1 चं आहे. सुट्टीतही मी त्याच्याच मागे असतो. घरचे म्हणतात, जुन्या मशीनचा नाद सोड, कॅड-कॅम (संगणकावर डिझाइन आणि मशीनचा प्रोग्राम करणं) शीक. मेंटेनन्समध्ये जाऊ का?

उत्तर : तू पत्रात दोन आकडे दिलेस, 4 अंश आणि 90:1. ते शेजारी ठेवून बघ. सर्व्हो मोटरचे 90 फेरे झाले की टेबलाचा एक फेरा होतो. मध्ये आणखी बेल्ट-पुली नसेल, तर मोटरच्या एका फेऱ्याला टेबल 360 भागिले 90, म्हणजे नेमकं 4 अंश फिरतं. होमिंग करताना तुझ्या टेबलाची मोटर अधूनमधून एक पूर्ण फेरा चुकते आहे.

एन्कोडर म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर. जुन्या, इन्क्रिमेंटल (मशीन बंद केलं की जागा विसरणाऱ्या) एन्कोडरच्या मशीनवर साधारणपणे आधी होम स्विच दबून सुटतो आणि मग कंट्रोल, म्हणजे मशीनचा संगणक, एन्कोडरच्या मार्कर पल्सची (खुणेच्या सिग्नलची) वाट बघतो. हा पल्स मोटरच्या फेऱ्यात एकदाच येतो. स्विच सुटायची जागा पल्सला अगदी खेटून असेल, तर स्विच जरासा उशिरा सुटला तरी पल्स हुकतो आणि कंट्रोल पुढचा पल्स पकडतो. कंट्रोलच्या हिशेबी सगळं ठीकच असतं, मग अलार्म कशाला येईल? आधी स्विचमध्ये कूलंट किंवा बारीक चिप्स गेल्यात का, तो सैल झालाय का ते बघ. मग स्विच किंवा त्याचा डॉग (स्विच दाबणारा ठोकळा) असा सरकव की स्विच सुटणं आणि पल्स येणं यांत मोटरचा साधारण अर्धा फेरा, म्हणजे टेबलाचे 2 अंश राहतील. टेबलावर चौकोनी ब्लॉक बांध, पुन्हा पुन्हा होमिंग कर आणि दर वेळी डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं मापक) लावून बघ. होम बदललं असेल तर वर्क ऑफसेट (कंट्रोलमधली जॉबच्या शून्याची नोंद) नव्याने घ्यावा लागेल.

फरक दर वेळी वेगळा, कसाही आला असता, तर मी मोटरला जोडणारं कपलिंग घसरतंय का किंवा एन्कोडरची केबल खराब आहे का याचा संशय घेतला असता. हुकूम दिलेल्या कोनाच्या प्रमाणात चूक वाढत गेली असती, तर गुणोत्तराचं पॅरामीटर बघायचं: टेबल 90:1 आणि कंट्रोलमध्ये 72:1 असेल, तर 360 अंश सांगून टेबल 288 अंशांवर थांबतं. टेबल फिरवणारा वर्म (स्क्रूसारखा गिअर) झिजून आलेला बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, दिशा बदलताना दिसतो. ब्रेक नीट सुटत नसेल तर ओव्हरलोडचा अलार्म येतो. एक मात्र पाळ, शिक्षक सोबत असल्याशिवाय इलेक्ट्रिकल पॅनल उघडायचं नाही. मेन स्विच बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये काही वेळ घातक व्होल्टेज असतं.

आता करिअरचं. घरच्यांचं म्हणणं अर्धं पटतं. कॅड-कॅम शीकच, प्रोग्राम न वाचता येणारा मेंटेनन्सवाला पुष्कळदा अर्ध्यावर अडतो. पण जुन्या मशीनवर वेळ वाया जातो, हे मला मान्य नाही. नवीन मशीनवर बहुधा अ‍ॅब्सोल्यूट (मशीन बंद केलं तरी जागा न विसरणारा) एन्कोडर असतो, त्यामुळे हा विशिष्ट बिघाड तिथे सहसा भेटायचा नाही, पण चूक ठरावीक आहे की कशीही, हा प्रश्न तिथेही पहिलाच असतो. पत्रात तू ‘थोडा फरक येतो’ असं मोघम न लिहिता आकडा लिहिलास. सर्व्हिस इंजिनिअर नेमताना मी असतो तर याच गोष्टीवर थांबलो असतो.

स्वभावाचाही विचार कर. या कामात वेळी-अवेळी बोलावणं येतं, उत्पादन थांबलेलं असतं आणि चार जण डोक्याशी उभे असतात. त्यातही शांतपणे एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं जमत असेल, तर मेंटेनन्स, रेट्रोफिट (जुन्या मशीनवर नवं कंट्रोल बसवणं), मशीन बसवून चालू करून देणं, ही सगळी कामं तुझ्यासाठी आहेत. ते नको वाटलं, तर अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर (ग्राहकाच्या कामासाठी मशीन कसं वापरायचं ते बसवून देणारा) हो. तिथेही फोर्थ अ‍ॅक्सिसची ही ओळख कामाला येईल.

तुझी खरी उणीव मला वायरिंग ड्रॉइंगची वाटते. पत्रात स्विचचा साधा उल्लेखही नाही. या महिन्यात त्या मशीनचं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग मिळव आणि होम स्विचची वायर कंट्रोलच्या इनपुटपर्यंत बोटाने शोधत जा. सोबत एक वही ठेव: लक्षण, संशय, काय तपासलं, काय निघालं. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये तीही घाल.