पतसंस्थेचा सर्व्हर संथ झालाय. नवा घ्यावा की रॅम-एसएसडी वाढवून भागेल?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुख्य शाखा सांगलीत गावभागात, विटा, तासगाव आणि पलूस इथल्या तीन शाखा जोडलेल्या, साधारण ४० हजार खाती. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर), दर आर्थिक वर्षाचा डेटाबेस वेगळा, प्रत्येक सात-आठ जीबीचा. यंत्र म्हणजे चार कोरचा झिऑन ई टॉवर, १६ जीबी रॅम, ७२०० आरपीएमच्या दोन साटा हार्ड डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर एकच प्रत). डे-एंडला (दिवसाचा हिशोब बंद करायला) अडीच तास लागतात आणि दुपारी पिग्मीचं (एजंटांनी रोज गोळा केलेल्या बचतीचं) कलेक्शन चढवताना काउंटरवरची पासबुक छपाईही अडकते. व्हेंडर १६ कोरचा नवा सर्व्हर घ्या म्हणतोय.

निदान आत्ता तरी घेऊ नका. या वर्णनावरून अडचण प्रोसेसरची वाटत नाही, डिस्कची वाटते. पण खरेदीआधी एक गोष्ट बघावीच लागेल, आणि ती हार्डवेअरमधली नाही.

एसक्यूएलच्या मॅनेजमेंट स्टुडिओत 'सिलेक्ट @@व्हर्जन' चालवा आणि एसक्यूएल सर्व्हरचा कुठला प्रकार आहे, एक्स्प्रेस की स्टँडर्ड, ते वाचा. वर्षागणिक डेटाबेस तोडलेला पाहून मला एक्स्प्रेसचाच संशय येतो. २०२२ आवृत्तीपर्यंतच्या फुकटच्या एक्स्प्रेसला एका डेटाबेससाठी १० जीबीची मर्यादा आहे, आणि ती चुकवायची ही जुनी युक्ती. एक्स्प्रेस असेल तर डेटा मेमरीत ठेवायला तो फक्त १,४१० एमबी वापरतो आणि जास्तीत जास्त चार कोर. तुम्ही ६४ जीबी रॅम लावली तरी तो तिला हात लावणार नाही. विंडोजच्या फाइल कॅशेचाही आधार नाही, कारण एसक्यूएल सर्व्हर आपल्या फायली ते कॅशे टाळून थेट उघडतो. व्हेंडरच्या १६ कोरांपैकी बारा नुसते बसून राहतील. स्टँडर्ड असेल तर (२०२२ आवृत्तीपर्यंत) १२८ जीबी आणि २४ कोरपर्यंत जागा आहे, तिथे रॅमचा पैसा वसूल होतो. मात्र लायसन्स कोरवर असेल, तर चारऐवजी १६ कोर म्हणजे लायसन्सचा खर्च चौपट. हा आकडा कोटेशनमध्ये दाखवलाय का, बघा.

आता मोजमाप. डे-एंड चालू असताना पर्फमॉन (विंडोजमधलंच मोजमापाचं साधन) उघडून फिजिकल डिस्कचे दोन काउंटर लावा: ॲव्हरेज डिस्क सेकंद पर रीड आणि पर राइट. आकडा ०.०१० सेकंदाच्या आत असेल तर ठीक, ०.०२० च्या वर टिकून राहिला तर डिस्क दमली आहे. शेजारी प्रोसेसर टाइम ठेवा. प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर आणि डिस्क ०.०५० वर असं दिसलं तर निकाल लागला. एसक्यूएलच्या वेट स्टॅट्समध्ये (तो कशासाठी किती थांबला त्याच्या यादीत) 'पेज-आयओ-लॅच' सगळ्यात वर असेल तर वाचन अडतंय, 'राइटलॉग' वर असेल तर लॉगचं (बदलांच्या नोंदवहीचं) लिखाण अडतंय.

हे दोन्ही तुमच्याकडे का होणार ते हिशोबानेच दिसतं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला इकडून-तिकडून जेमतेम १०० वाचनं करते. एसक्यूएलचं पान ८ केबीचं, म्हणजे विखुरलेला डेटा वाचताना वेग सेकंदाला ८०० केबी! लिखाणाचं त्याहून वाईट. डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, आणि व्यवहार पक्का करताना, म्हणजे कमिटला, लॉग डिस्कवर उतरेपर्यंत थांबावंच लागतं. व्याज आकारणी, तरतूद, लेजर असे खात्यामागे चार कमिट धरले तर १ लाख ६० हजार कमिट, म्हणजे बावीसएक मिनिटं निव्वळ फेऱ्याची वाट पाहण्यात. खातं-खातं कमिट न करता पाचशे-हजारांच्या गठ्ठ्यात करायला व्हेंडरला सांगा. त्याला कष्ट फार नाहीत, फक्त इच्छा लागते.

संथपणा हळूहळू न येता अचानक एखाद्या आठवड्यात आला असेल, तर आधी रेड कार्डची (दोन्ही डिस्क सांभाळणाऱ्या कार्डची) बॅटरी बघा. ती मेली की कार्ड आपणहून राइट-बॅकवरून (आपल्या कॅशेत लिहून लगेच 'झालं' म्हणणं) राइट-थ्रूवर (डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) जातं आणि कुणालाच कळत नाही. कार्ड नसून मदरबोर्डवरचा सॉफ्टवेअर रेड असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे मुळात असं कॅशे नसतं.

घ्यायचं काय? ४८० जीबीच्या दोन साटा एसएसडी, रेड १ मध्ये, पण सर्व्हरसाठी बनवलेल्या. गेमिंगच्या किंवा लॅपटॉपच्या नकोत. फरक पॉवर लॉस प्रोटेक्शनचा आहे. त्या एसएसडीत कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लिखाण पुरं होतं, म्हणून ती कमिटला लगेच 'झालं' म्हणू शकते. स्वस्त एसएसडीला दर कमिटला खरोखर फ्लॅशवर लिहावं लागतं आणि कमिट पुन्हा मिलिसेकंदांवर येतं. डब्यावरचे ५५० एमबी प्रति सेकंद हे आकडे इथे कामाचे नाहीत. रेड ५ च्या फंदात पडू नका, एका छोट्या लिखाणाला तिथे चार हालचाली लागतात. टॉवरचे खण साडेतीन इंची असतील तर अडीच इंचीचे ब्रॅकेट सोबतच मागवा, नाहीतर रविवारी सकाळी त्याच्यावाचून काम अडतं.

रॅम फक्त स्टँडर्ड असेल तरच. झिऑन ई ला ईसीसी यूडीआयएमएम जातीची रॅम लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सर्व्हरची स्वस्त मिळते ती बहुतेक आरडीआयएमएम, म्हणजे वेगळ्या जातीची. ती लावली तर यंत्र सुरूच होणार नाही. १६ जीबीच्या चार सारख्या पट्ट्या घ्या, जुन्या मिसळू नका. मग 'मॅक्स सर्व्हर मेमरी' ५४,००० एमबीच्या आसपास ठेवा. मुळात तिथे मर्यादा नसल्यासारखाच आकडा असतो, आणि एसक्यूएल विंडोजला गुदमरवतं.

फुकटची दोन कामं आजच करा. विंडोजचा पॉवर प्लॅन बॅलन्स्डवर असतो, तो हाय परफॉर्मन्स करा. बायोसमध्येही तसा प्रोफाइल असतो. अँटिव्हायरसमधून एमडीएफ, एनडीएफ आणि एलडीएफ (एसक्यूएलच्या डेटा आणि लॉगच्या) फायली वगळा.

बदल शनिवारी डे-एंडनंतर, ३१ मार्चपासून लांब. पूर्ण बॅकअप घ्या, दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून 'चेकडीबी' (डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी आज्ञा) चालवा. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप धरू नका. विंडोज जुन्या डिस्कवरच राहू द्या, एसएसडीवर फक्त डेटा, लॉग आणि टेम्पडीबी (एसक्यूएलचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस). नवी ड्राइव्ह ६४ केबी युनिटने फॉरमॅट करा. 'ऑल्टर डेटाबेस... मॉडिफाय फाइल'ने नवा पत्ता द्या, डेटाबेस ऑफलाइन करा, फायली कॉपी करा (कट नव्हे), ऑनलाइन करा. इथे हमखास 'ॲक्सेस डिनाइड, एरर ५' येतो, कारण नव्या फोल्डरवर एसक्यूएलच्या सर्व्हिस अकाउंटला परवानगी नसते. फुल कंट्रोल द्या, पुन्हा ऑनलाइन करा. टेम्पडीबी सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावरच हलते. जुन्या डिस्कवरच्या मूळ फायली महिनाभर तशाच ठेवा.

यंत्र उघडलंच आहे तर पंख्यांवरची धूळ काढा, एप्रिलच्या उन्हात तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. आणि तळमजल्यावर असेल तर वर हलवा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभागाला वेगळं सांगायला नको.

पिग्मीच्या वेळचं अडकणं बरंचसं लॉकचं आहे, म्हणजे एक काम पुरं होईपर्यंत त्या नोंदी दुसऱ्याला मिळत नाहीत. डिस्क वेगवान झाली की लॉक लवकर सुटतात, पण अख्ख्या एजंटाचं कलेक्शन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चढत असेल तर काउंटर थोडा थांबणारच. तेही व्हेंडरचंच काम. शाखांचं वेगळं तपासा. एकच खातेउतारा सर्व्हरवर बसून काढा आणि तासगावहून काढा. सर्व्हरवर दोन सेकंद आणि तिकडे वीस लागत असतील तर ते अंतर शाखेला जोडणाऱ्या लाइनचं आहे, एसएसडीने त्यातलं एक सेकंदही कमी होणार नाही. तिथे रिमोट डेस्कटॉपने काम चालवून बघा, फक्त त्याचं लायसन्स वेगळं लागतं.