अंगणातील फळझाडांसाठी मुदत ठेव मोडावी का?

आपण लिहिले आहे की, पुण्यात धायरी येथील आपल्या रो हाऊसच्या मागे सुमारे 800 चौरस फुटांचे मोकळे अंगण आहे. यजमान गेल्या वर्षी, वयाच्या साठाव्या वर्षी, निवृत्त झाले. त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा 32,000 रुपये आणि घरखर्च 36,000 रुपये असून, बँकेतील 9 लाखांच्या ठेवींवर 7 टक्क्यांनी मिळणाऱ्या व्याजातून उरलेली गरज भागते. या ठेवींपैकी 3 लाखांची एक ठेव मोडून अंगणात ड्रॅगन फ्रूटची लागवड करावी, म्हणजे महिन्याला 15,000 रुपये सुटतील, असा आपला विचार आहे. पत्राच्या शेवटी आपण जाता जाता असेही सांगितले आहे की, घरच्या पेरूची गुटी कलमे (झाडावरच फांदीला ओले मॉस, म्हणजे शेवाळ, बांधून मुळ्या आणलेली) आणि अंजिराची फाटे कलमे (फांदीचा तुकडा मातीत रुजवून केलेली) आपण वर्षानुवर्षे शेजाऱ्यांना करून देत आला आहात आणि आता लोक आपणहून त्यांची किंमत विचारू लागले आहेत. माझ्या मते आपला खरा व्यवसाय या शेवटच्या वाक्यात आहे. ठेव मोडू नये आणि फळे विकण्याच्या हिशेबाने लागवडही करू नये. कलमे मात्र जरूर विकावीत, आणि पहिल्या वर्षी त्यांत 25,000 रुपयांहून अधिक रक्कम घालू नये.

आधी घराचा हिशेब पाहू. आज ठेवींचे व्याज महिन्याला 5,250 रुपये येते, म्हणजे एकूण उत्पन्न 37,250 रुपये होते आणि महिनाअखेर 1,250 रुपये शिल्लक राहतात. 3 लाख काढून घेतल्यास व्याज 3,500 रुपयांवर येईल आणि त्याच महिन्यापासून घर 500 रुपयांनी तुटीत जाईल. ही तूट पहिल्या फळाच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण ड्रॅगन फ्रूटला फळ धरायलाच साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडताना बँक ठरलेला दर न देता जितके दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर देते आणि बहुधा त्यातूनही काही दंड कापते.

आता फळांचा हिशेब. आपण पाहिलेली उत्पन्नाची आकडेवारी एकराची आहे. एकरात 40 गुंठे असतात, एक गुंठा 1,089 चौरस फुटांचा असतो, आणि आपले अंगण एका गुंठ्याहूनही लहान आहे. ये-जा करण्याची वाट आणि भिंतीची सावली सोडली तर सुमारे 600 चौरस फूट जागा उरते. त्यात योग्य अंतराने आठ खांब बसतील आणि प्रत्येक खांबाला चार रोपे धरता येतील. झाडे भरात आल्यावर एका खांबाला 15 किलो फळ धरले आणि ते अडत्याकडे न देता शेजारीपाजारी 120 रुपये किलोने विकले गेले असे मानले, तरी वर्षाचे 14,400 रुपये होतात, आणि तेही खत, पाणी व औषधांचा खर्च वजा करण्यापूर्वी. आपण महिन्याला जेवढे मिळतील असे धरले होते, तेवढे हे अंगण अख्ख्या वर्षात जेमतेम देईल. पेरू, लिंबू किंवा सीताफळ लावले तरी चित्र फारसे बदलत नाही. ती झाडे फळाला यायला दोन ते चार वर्षे घेतात आणि बहर येतो तेव्हा सासवड-पुरंदरचा मालही मार्केट यार्डात आलेला असतो. घरी खाण्यासाठी ही झाडे अवश्य लावावीत, परंतु त्यांना उत्पन्नाचे साधन मानू नये.

कलमांचे गणित वेगळे आहे, कारण तेथे जागेपेक्षा हाताच्या कसबाला किंमत मिळते. 200 चौरस फुटांच्या शेडनेटखाली, चालायला वाट ठेवूनही, 400 लहान पिशव्या सहज मावतात. माती, शेणखत, कोकोपीट, पिशवी आणि गुटीसाठी लागणारे मॉस मिळून एका कलमाला 25 रुपये, म्हणजे एकूण 10,000 रुपये धरू. शेडनेट व त्याच्या सांगाड्याला 10,000 रुपये आणि पाणी व औषधांना 4,000 रुपये लागतील. चारशेपैकी अडीचशे कलमे जगून विकण्याजोगी झाली आणि सरासरी 120 रुपयांना गेली, तर 30,000 रुपये हाती येतील. पहिल्या वर्षी खर्च निघून 6,000 रुपये उरतील. पुढील वर्षी शेडनेटचा खर्च नसेल. 600 कलमे बांधून त्यांतील 400 विकली गेल्यास 48,000 रुपयांची विक्री होईल आणि 20,000 रुपये खर्च वजा जाता 28,000 रुपये राहतील. दर आणि मर यांचे हे आकडे माझे अंदाज आहेत. आपल्या वहीतील खरे आकडे त्यांच्या जागी घालून हिशेब पुन्हा मांडावा.

येथे पैसा हाती येण्याच्या वेळेकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पेरूची गुटी पावसाळ्यात बांधली जाते, मुळ्या धरायला साधारण दीड-दोन महिने लागतात, आणि झाडापासून तोडल्यावर पिशवीत स्थिरावण्यासाठी आणखी काही महिने जातात. गिऱ्हाईक मात्र रोपे घेते ते मुख्यतः पहिल्या पावसानंतर. म्हणजे या जुलैत घातलेला पैसा पुढच्या जूननंतर परत येणार आणि मधल्या एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी घालावे लागणार. त्या दिवसांत टँकर मागवावा लागला तर वरील 4,000 रुपये पुरणार नाहीत. त्यामुळे या उत्पन्नावर विजेचे बिल किंवा औषधांचा मासिक खर्च अवलंबून ठेवू नये.

उरुळी कांचनच्या रोपवाटिकांशी भावात स्पर्धा करण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यांच्याइतक्या संख्येने कलमे आपल्याला करता येणार नाहीत. आपले गिऱ्हाईक म्हणजे गच्चीत किंवा परसात दोन-तीन झाडे लावणारे कुटुंब. मातृवृक्ष डोळ्यांनी पाहता येणे आणि नंतर झाड पिवळे पडले तर विचारायला माणूस असणे, याचे मोल ते देते. आपला पेरू सरदार वाणाचा आहे, असे आपण लिहिले आहे. हा वाण, म्हणजेच एल-49, 1927 मध्ये आपल्या गणेशखिंडीतील फळसंशोधन केंद्रातच निवडला गेला, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे. सीताफळ किंवा ड्रॅगन फ्रूटच्या नव्या नोंदणीकृत वाणांची कलमे मात्र हक्कदाराच्या परवानगीशिवाय विकू नयेत. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यामुळे त्यात वाद उद्भवू शकतो.

या कामाला रोज दीड तास लागेल, म्हणजे महिन्याला 45 तास. दुसऱ्या वर्षीचे 28,000 रुपये या तासांवर वाटले तर तासाला सुमारे 52 रुपये पडतात. ही आपल्या श्रमाची मजुरी आहे, भांडवलावरचा परतावा नव्हे. आवडीच्या कामाची म्हणून ती मला मान्य करण्याजोगी वाटते, पण ती आपल्याला मान्य आहे का, हे आपणच ठरवावे. गुडघ्यांचा त्रास असेल तर पिशव्या जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवाव्यात आणि तो खर्चही हिशेबात धरावा.

महाराष्ट्रात फळरोपांचा विक्री-व्यवसाय करायचा तर 1969 च्या रोपवाटिका कायद्याप्रमाणे कृषी विभागाचा परवाना लागतो. म्हणून शेजारधर्मापलीकडे जाण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. फाटकावर पाटी लावण्याआधी सोसायटीची लेखी संमती घ्यावी आणि घराच्या निवासी करआकारणीवर परिणाम होणार नाही ना, हेही विचारून घ्यावे. प्राप्तिकराच्या दृष्टीने स्वतः वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीउत्पन्न धरले जाते. मात्र बाहेरून आणून विकलेली रोपे हा व्यापार होतो, म्हणून दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत ठेवाव्यात.

बचत खात्यात 80,000 रुपये असल्याचे आपण कळवले आहे. 25,000 रुपये त्यातूनच घ्यावेत. ठेवींची मुदत संपेल तसतशी रक्कम यजमानांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावी आणि खाते आपल्यासह संयुक्त उघडावे. एप्रिल 2023 मध्ये या योजनेचा दर 8.2 टक्के झाला. खाते उघडताना जो दर असेल तोच पुढे पाच वर्षे कायम राहतो. 8.2 टक्के धरल्यास 9 लाखांवर दर तिमाहीस 18,450 रुपये, म्हणजे आजच्यापेक्षा महिन्याला 900 रुपये जास्त मिळतील. रक्कम पाच वर्षे अडकते आणि आधी काढल्यास कपात होते, म्हणून सर्व 9 लाख तेथे न घालता दवाखान्याच्या अडीअडचणीसाठी किमान दीड लाख बँकेतच ठेवावेत.